अंधारबनाला नेता, तर मुळशीही सांगा : ट्रेक नेणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईहून ताम्हिणी, अंधारबन, प्लस व्हॅली या भागात पावसाळी ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, गट आणि ट्रेक लीडर

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की तुमच्या बसगाड्या मुळशीच्या वाटेला लागतात. पुण्यातली बरीच मंडळी भल्या पहाटे सेनापती बापट रस्त्याच्या कडेला पाठीवर पिशव्या घेऊन उभी असतात. मुंबईत दादर स्टेशनला लागून जो रस्ता जातो, त्यालाही सेनापती बापट मार्ग असंच नाव आहे. पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणू लागले ते मुळशीच्या लढ्यात, म्हणजे तुमची बस जिथे जाते त्याच खोऱ्यात. बसमध्ये चाळीस माणसं असतात. घाटात पोचेपर्यंत गाणी होतात, ओळखी होतात, वाटेत पोहे होतात. मुळशी धरणाचा जलाशय डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतो आणि खिडक्यांतून फोटो निघत राहतात. त्या पाण्याखाली काय आहे हे मात्र बसमध्ये कुणी सांगत नाही. ते तुम्ही सांगावं, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

तुमच्यापैकी अनेकांबरोबर मी चाललो आहे. ओढा ओलांडताना दोर कसा लावायचा, मागे राहिलेल्याला कसं सांभाळायचं, जळवा लागल्या तर काय करायचं, हे तुम्ही उत्तम जाणता आणि मनापासून शिकवता. झाडं सांगता, पक्षी सांगता. गडावर नेलंत तर इतिहासही सांगता. रायगडावर टकमक टोकाशी उभं राहून तिथून कुणाचा कडेलोट होत असे हे न सांगणारा लीडर मी पाहिलेला नाही. मुळशीचं खोरं मात्र आपण ‘निसर्ग’ या एका शब्दात उरकतो. तिथे गड नाही, बुरूज नाही, तोफ नाही, म्हणून इतिहासही नाही असं आपण धरून चाललो आहोत.

१९२० च्या आसपास या खोऱ्याला मुळशी पेटा म्हणत; पेटा म्हणजे तालुक्याचा पोटभाग. मुळा आणि नीला या दोन नद्यांच्या संगमाजवळ आज धरणाची भिंत आहे. भिंतीच्या वरच्या अंगाला खाचरं होती, आणि त्यांत पिकणाऱ्या आंबेमोहराला नाव होतं. शेती करणारे बहुतेक मावळे, म्हणजे या मावळ मुलखातले कुणबी मराठे. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच खाचरांच्या बांधावर गेलेल्या. टाटांच्या वीज कंपनीला धरणासाठी ही जागा हवी होती. लोणावळ्याच्या तळ्यांवरचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू होतं, आंध्रा खोऱ्यातलं भिवपुरीचं काम चाललं होतं, आणि तिसरी योजना मुळशीची. मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीचा पाऊस घाटमाथ्यावर अडवून कोकणात सोडला की वीज मिळते, हे तंत्र त्यांच्या हाती आलेलं होतं.

लोकांना विचारायला कुणी आलं नाही. आले ते मोजणीदार आणि मजूर. उभ्या शेतांत चर खणायला सुरुवात झाली तेव्हा गावांना कळलं की पन्नासेक गावं आणि हजारो माणसं उठवायची आहेत. इंग्रज सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा एका खासगी कंपनीसाठी वापरायला काढला होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराहून अधिक मावळे, बायका आणि पोरं धरणाच्या कामावर जाऊन बसली. काम बंद पडलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरून लोकांना उभं करत होते. बापट आले आणि लढ्याचे होऊन गेले. गांधीजींनी या सत्याग्रहाला उघड पाठिंबा दिला आणि टाटांना जाहीरपणे विनवलं की कायद्याच्या हक्कावर अडून बसू नका, लोकांशी बोला. एकाही गरीब माणसाच्या जिवावर उभी राहिली तर या योजनेच्या फायद्यांना काय किंमत, असा त्यांचा प्रश्न होता. कंपनीने काही महिने काम थांबवलं, त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा सुरू केलं, आणि मग धरपकड सुरू झाली.

तुरुंगात गेलेल्यांत शेतकरी होते, बायका होत्या, शहरातून आलेले कार्यकर्ते होते. ‘काळ’ या साप्ताहिकाचे संपादक, काळकर्ते शिवरामपंत परांजपे १९२२ साली याच सत्याग्रहासाठी तुरुंगात गेले, तेव्हा त्यांचं वय साठीकडे झुकलेलं होतं. येरवड्याच्या तुरुंगात मुळशीच्या सत्याग्रही कैद्यांना फटक्यांची शिक्षा झाली. गांधीजी तेव्हा त्याच तुरुंगात होते, आणि त्यांना त्यात मध्ये पडावं लागलं. ताम्हिणीला जाणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं. आपण ज्या हिरवळीवर पाय सोडून बसतो, ती जमीन सोडायला नकार दिला म्हणून माणसांच्या पाठीवर वेत ओढले गेले आहेत.

पुण्याच्या संस्थांनी आणखी एक गोष्ट सांगावी, आणि ती सांगायला जड जाईल. मुळशीच्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री मावळ्यांच्या राहिलेल्या नव्हत्या. त्या पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणारा मावळा कूळ होता आणि मालक शहरात होता. कंपनीने मोबदल्याचे आकडे पुढे केले तेव्हा या मालकांना सौदा बरा वाटू लागला. पडीक कर्जाच्या बदल्यात रोख पैसा मिळत होता. कुळाला जमीनही मिळणार नव्हती आणि मोबदलाही मिळणार नव्हता. पुढाऱ्यांतही दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, धरण होणारच आहे तर जास्तीत जास्त मोबदला पदरात पाडून घ्यावा. दुसरी बाजू म्हणे, कुठल्याही किमतीला जमीन द्यायची नाही. लढा आतून पोखरला गेला तो इथे. सरकार आणि कंपनी यांच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस आपल्याच प्रांतातल्या मालकाच्या सहीने हरला. हा भाग गाळून फक्त ‘इंग्रज आणि कंपनी विरुद्ध मावळे’ अशी गोष्ट सांगितली तर ऐकायला बरी वाटते, पण ती अर्धी आहे. पुण्याहून निघालेल्या बसने उरलेली अर्धीही ऐकायला हवी.

बापटांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही. त्यांच्या मते कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान सत्याग्रहात बसत होतं, फक्त केल्यावर पळून जायचं नाही. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी काही साथीदारांसह धरणाच्या कामाच्या रुळांवर दगड रचून गाडी अडवली आणि हत्यारांसह अटक करून घेतली. सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले, तेव्हा मुळशीचं खोरं भरून चार वर्षं होत आली होती. १९२७ साली भिरा वीजघर सुरू झालं होतं.

आता मी तुमच्या वाटेवर येतो. अंधारबनाची वाट पिंपरी गावाजवळून निघते. दाट रानातून, एका बाजूला कुंडलिकेची खोल दरी ठेवत, ओढ्यामागून ओढा ओलांडत ती हिरडीला जाते आणि तिथून उतरत भिऱ्याला पोचते. बारा-तेरा किलोमीटरची ही चाल महाराष्ट्रातल्या सर्वांत सुंदर पावसाळी वाटांपैकी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती कुठे संपते ते पाहा. मुळशीच्या जलाशयाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला येतं आणि जाड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं ते याच भिऱ्याच्या वीजघरात. म्हणजे सकाळी बसच्या खिडकीतून पाहिलेलं पाणी संध्याकाळी तुमच्या गटाला खाली भेटतं. मधल्या काळात ते पाणी सह्याद्री ओलांडून आलेलं असतं आणि तुम्हीही. दिवसभर ज्या वाटेने आपण चालतो तिची दोन्ही टोकं मुळशीच्या गोष्टीची आहेत. ती न सांगता ही वाट पुरी होते असं मला वाटत नाही.

एरवी मुळेचं पाणी पुण्यावरून भीमेला, कृष्णेला मिळत बंगालच्या उपसागराकडे जातं. मुळशीच्या वर पडणारा पाऊस आता भिऱ्याला उतरून कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातो. कोलाडला राफ्टिंग करणारे गट सकाळी ज्या लाटांवर स्वार होतात, ते वीजघरातून वेळेवर सोडलेलं हेच पाणी. तुमच्यापैकी काही संस्था शनिवारी अंधारबन आणि रविवारी कोलाड असा दोन दिवसांचा बेत करतात. त्या बेतात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुळशीच्याच पाण्याची सोबत असते, हे तुमच्या लोकांना कळलं तर त्यांना त्या पाण्याकडे पाहायला वेगळे डोळे मिळतील.

काही जण म्हणतील, माणसं आठवडाभर दमून येतात, त्यांना दोन श्वास मोकळे घ्यायचे असतात, त्यांच्या डोक्यावर हे ओझं कशाला? मला हे म्हणणं पटत नाही. पावनखिंडीत नेलेल्या मुलांना आपण बाजीप्रभूंची गोष्ट सांगतो तेव्हा ती दमत नाहीत, त्यांच्या पायांत बळ येतं. लोकांना ऐकायचं असतं. मी स्वतः वाटेत शेजारी चालणाऱ्यांना मुळशीबद्दल सांगितलं आहे, आणि पुढच्या विसाव्याला आणखी चार जण जवळ येऊन बसले आहेत. एका मुलीने विचारलं होतं, मग ही माणसं गेली कुठे? काही देशोधडीला लागली, आणि काही वर सरकली. पाण्याच्या काठाकाठाने डोंगराच्या उतारावर ज्या वाड्या-वस्त्या दिसतात, त्यांत उठवलेल्या कुटुंबांचे नातू-पणतू राहतात. चांगली खाचरं पाण्यात गेली, वाट्याला वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन राहिली. ज्या घरात तुमचा गट पिठलं-भाकरी खातो, त्या घरच्या आजीला विचारून पाहा. तिच्या सासऱ्याचं गाव कुठे होतं हे ती पाण्याकडे हात करून दाखवील.

वीज नको होती असं मी म्हणत नाही. गिरण्यांचा कोळशाचा धूर कमी झाला, हजारोंना काम मिळालं, मुंबई उभी राहिली, आणि त्या मुंबईत कोकण आणि घाटावरची लाखो मराठी माणसं पोटाला लागली. धरण बांधणाऱ्या अभियंत्यांचं कसबही खरंच मोठं होतं. शंभर वर्षांनंतरही ते वीजघर चालू आहे. हे सगळं सांगा. पण ज्यांच्या जमिनीवर ते उभं राहिलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि नाही म्हणण्याची शिक्षा भोगली होती, हेही त्याच दमात सांगा.

एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. अलीकडे अशा जागांना गूढ बनवून विकण्याची चढाओढ लागली आहे. पाण्याखालच्या गावातून घंटा ऐकू येतात, रात्री दिवे दिसतात, अशा रील्स फिरतात आणि त्यांवर हजारो लाइक्स पडतात. मुळशीच्या बाबतीत हे होऊ देऊ नका. तिथे भुतं नाहीत. तिथे सात-बारा होते, गहाणखतं होती, तुरुंगाच्या नोंदी होत्या आणि नावं असलेली माणसं होती. भुताची गोष्ट झाली की कुणाचंच काही देणं लागत नाही. म्हणून रात्रीच्या कॅम्पमध्ये शेकोटीभोवती मुळशी सांगायचीच असेल तर साल-तारखांसकट सांगा, मोबदल्याच्या भांडणासकट सांगा.

आंबेगाव तालुक्यातल्या माळीणबद्दलही असंच काहीतरी मनात येतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. भीमाशंकरच्या बाजूला पावसात फिरायला जाणाऱ्या गाड्या त्या भागातून जातात. तिथे घोळके करून सेल्फी काढणाऱ्यांना गावकरी काही बोलत नाहीत, ते फक्त बाजूला होतात. माळीणचं दुःख ताजं आहे म्हणून आपण निदान आवाज खाली आणतो. मुळशीचं दुःख जुनं झालं म्हणून तिथे स्पीकर लावून नाचायला हरकत नाही, असं थोडंच आहे?

आता नेमकं काय करावं, याबद्दल. मोठा खर्च किंवा परवानग्या लागतील असं मी काही सुचवत नाही. जाताना धरणाची भिंत आणि जलाशय दिसतो अशा सुरक्षित जागी बस दहा मिनिटं थांबवा. रस्ता अरुंद असेल, पाऊस फार असेल, तर बसमध्येच माइकवर सांगा. पौड मागे पडल्यावर सुरू केलंत तर ताम्हिणीपर्यंत पुरेसा वेळ मिळतो. सगळं सांगायची गरज नाही. रामनवमीचा सत्याग्रह, ‘जान किंवा जमीन’, सावकारांचा सौदा, येरवड्याचे फटके, बापटांची सात वर्षं आणि भिऱ्याचं वीजघर एवढं पोचलं तरी पुष्कळ झालं. भिऱ्याला उतरल्यावर, चहा घेताना, सकाळच्या त्या पाण्याची आठवण करून द्या. लीडर दर वेळी बदलतात हे मला माहीत आहे. म्हणून ही माहिती एखाद्या जाणत्या लीडरच्या डोक्यात न ठेवता सुरक्षेच्या सूचनांच्या कागदावरच उतरवा, म्हणजे नव्या मुलालाही ती वाचून दाखवता येईल.

शक्य असेल तिथे वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला बोलू द्या. तुमच्यापैकी काही गट हे आधीच करतात, आणि त्या ट्रेकचा रंगच वेगळा असतो. पिंपरी, हिरडी, निवे, ताम्हिणी या बाजूची तरुण मुलं वाट दाखवायला तयार असतात. वाट दाखवण्याचे पैसे आपण देतो, पण त्यांच्याकडे असलेली गोष्ट आपण कधी मागत नाही. ती मागा, आणि तिचेही पैसे द्या. जेवणाचा दर ठरवताना घासाघीस करू नका. त्या घरांची भातशेती कुठे गेली हे एकदा कळलं की ताटामागे दहा-वीस रुपये कमी करून घ्यायला जीभ रेटत नाही.

आणखी एक. या रस्त्यावर आता जागोजागी ‘लेक व्ह्यू’ प्लॉटच्या पाट्या आहेत. पाण्यात बुडालेल्या खाचरांचा देखावा विकत देणाऱ्या या पाट्या आहेत, आणि ज्यांची खाचरं गेली त्यांच्याच उरल्यासुरल्या उतारावरच्या जमिनी त्यांतून विकल्या जातात. हे थांबवणं तुमच्या हातात नाही. पण तुमच्या बसमधले काही जण उद्या तिथे प्लॉट घ्यायला जाणार आहेत. घेण्याआधी त्यांना या खोऱ्याची हकीकत कळलेली असावी. जमीन कुणाची, विकणारा कोण, कसणारा कोण, हे प्रश्न विचारायची सवय मुळशीत शंभर वर्षांपूर्वी लागायला हवी होती.

मुंबईच्या संस्थांना वेगळं सांगायला हवं. तुमच्या शहराच्या उभारणीत मुळशीचा वाटा आहे आणि तो फार थोड्या मुंबईकरांना ठाऊक आहे. गिरणगावात ज्यांचे आजोबा यंत्रावर उभे राहिले, त्यांतले कितीतरी तुमच्या ट्रेकला येतात. त्या यंत्रांना फिरवणारी वीज जिथून आली ती जागा ते पहिल्यांदा पाहत असतात, आणि त्यांना ते कुणी सांगत नाही. घरी परत गेल्यावर वडिलांना, काकांना सांगावं असं काहीतरी त्यांना या वाटेवर मिळू शकतं.

पावसाळ्याचं वेळापत्रक तुम्ही मे महिन्यातच ठरवता. तारखा, फी, बसच्या जागा जाहीर करताना अंधारबनाच्या माहितीत धबधबे आणि घनदाट जंगल यांच्या जोडीला ‘मुळशी सत्याग्रहाचं खोरं’ एवढे तीन शब्द घालावेत. ज्यांना बसमध्ये वाचून दाखवायला दोन पानांचा मजकूर हवा असेल त्यांच्यासाठी तो लिहून द्यायला मी तयार आहे. त्याखाली माझं नाव नको, आणि कुणाला बदल करायचे असतील तर खुशाल करावेत. तुमच्या लीडरच्या बैठकीला येऊन तासभर बोलायलाही आनंदाने येईन.

आपला,
तुमच्याबरोबर चालणारा एक पुणेकर